जास्तीचा स्क्रू

मिस्त्रींनी शिडीवर उभं राहून पत्र्याच्या डक्टला टिचकी मारली आणि कान लावला. हातभर पुढे सरकून पुन्हा मारली. पहिले दोन जोड घट्ट बोलले. तुळईजवळचा तिसरा मात्र किंचित नाकात बोलला, आणि मिस्त्रींच्या कपाळावर आठी पडली.

दुसऱ्या कोणाला त्या आवाजातला फरक कळला नसता. पण चाळीस वर्षं पत्रा कापण्यात, वळवण्यात आणि छताला टांगण्यात गेलेल्या माणसाचे ते कान होते. बायकोने बाजारातून काय आणायला सांगितलं ते या कानांना ऐकू येत नसे, पण पत्रा कुठे सैल आहे ते पलीकडच्या खोलीतून कळे. हा जोड पंखा सुरू झाला की थरथरणार, आज नाही तर वर्षभराने, आणि खाली झोपलेल्या माणसाला ते ऐकत पडावं लागणार. मिस्त्रींच्या डक्टने आजवर कोणाची झोप मोडली नव्हती. ती मोडायला ते आज सुरुवात करणार नव्हते.

त्यांनी पिशवीतून पत्र्याची एक पट्टी काढली, डक्टला अडकवली आणि तिचं दुसरं टोक छताच्या लाकडी रिपेवर टेकवलं. लहान स्क्रू खाली डब्यात राहिले होते. खिशात सापडला तो जरा लांब होता. लांब तर लांब, जास्तच धरून ठेवेल, असा विचार करून त्यांनी ड्रिल लावलं आणि स्क्रू आत घातला. पुन्हा टिचकी मारली. आता जोड शहाण्यासारखा बोलला. मिस्त्री समाधानाने खाली उतरले, आणि त्या पट्टीबद्दल कोणाला काही सांगायचं असतं हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

सांगायचं होतं ते सुनेला, आणि ती तेव्हा मागच्या अंगणात बाहेरच्या युनिटपाशी बसली होती. पत्रा मिस्त्रींचा आणि वायरिंग सुनेचं, अशी कामाची वाटणी सहा वर्षांपासून चालत आली होती. खरं तर त्यांनी मुलाला हाताशी घ्यायचं ठरवलं होतं. पण मुलगा पहिल्यापासून उंचीला भ्यायचा. बल्ब बदलायचा तर तो आधी आईला आणि लग्नानंतर बायकोला हाक मारायचा, आणि शेवटी एका ऑफिसात खुर्ची धरून बसला तो सुखी झाला. बायको मात्र त्याने अशी आणली की तिने तंत्रशाळेत वायरमनचा पुरा अभ्यास केलेला. लग्नानंतर पंधराव्या दिवशी तिने सासऱ्यांच्या गाडीत मागे फेकलेल्या वायरी जाडीप्रमाणे लावून ठेवल्या, आणि मिस्त्रींनी तिला विचारलं, "उद्या येतेस का कामावर?" ती आली, ती आलीच.

गेल्या महिन्यात तिचं लायसन्स आलं. वायरिंग स्वतःच्या जबाबदारीवर तपासून, त्याच्या कागदावर स्वतःची सही करायचा अधिकार. लायसन्स तिचं होतं, पण मिरवत होते मिस्त्री. त्याची एक झेरॉक्स त्यांच्या शर्टाच्या खिशात घडी घालून असे, आणि दुकानदारापासून डॉक्टरपर्यंत जो सापडेल त्याला ती उलगडून दाखवली जाई. आजवर कागदावर सही करायला बाहेरचा माणूस बोलवावा लागत होता. आजचं हे घर पहिलं, जिथे सही तिची होणार होती.

घर बैठं होतं. मधे लांबट बोळ, बोळाच्या वर पोटमाळ्यासारख्या जागेत थंड-गरम हवेचं युनिट, आणि तिथून तीन खोल्यांकडे गेलेले तीन डक्ट. बाहेर थंडी अशी पडली होती की दुपार झाली तरी खिडकीच्या काचांवरचा ओलावा वाळत नव्हता. घरच्या बाई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांची आई तीन आठवडे हॉस्पिटलात होती, आज चारच्या सुमाराला घरी येणार होती, आणि तिच्या खोलीत ऊब सारखी राहिली पाहिजे असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे बाईंचा एक डोळा घड्याळावर होता. दुसरा सुनेवर होता.

सकाळी दोघं आल्या आल्या त्यांनी विचारलं होतं, "आणि वायरिंगला कोण येणार आहेत?"

"आलेत की," मिस्त्री म्हणाले होते आणि सुनेकडे बोट दाखवलं होतं.

"अच्छा," बाई म्हणाल्या. त्या एका शब्दात काय काय होतं ते मिस्त्रींना नेमकं कळलं, आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांचा हात खिशातल्या झेरॉक्सकडे गेला होता. सुनेने डोळ्यांनीच नको म्हटलं, म्हणून तो परत आला.

आता दोन वाजले होते. सुनेने अंगणातलं काम उरकलं, हात पुसले आणि ती शेवटच्या तपासणीला बसली. मेन बोर्डावरचा या लाइनचा स्विच सकाळपासून बंद होता आणि त्याला छोटं कुलूप होतं. किल्ली तिच्या गळ्यातल्या दोरीला. कुलूप आहे म्हणून वीज नाही असं ती मानत नसे. आधी चालू लाइनवर टेस्टर लावून टेस्टर जिवंत आहे ना ते बघायची, मग आपल्या वायरीला लावायची, मग पुन्हा चालू लाइनला. तीनदा. मिस्त्रींना पहिल्या वर्षी ते जरा अति वाटायचं. आता कोणी दोनदाच लावला तर त्यांना चैन पडत नसे.

तिने युनिटकडच्या तारा सोडवून बाजूला केल्या आणि मेगर मांडीशी घेतला. वायरीवरच्या प्लास्टिकमधून वीज कुठे बाहेर झिरपते का, ते सांगणारं हे यंत्र. हँडल फिरवायचं आणि काट्याकडे बघायचं. काटा पार टोकाला जाऊन थांबला तर वायर निर्धोक, खाली पडला तर कुठेतरी पाणी मुरतंय.

"बाबा, वर कोणी नाही ना?"

"कोणी नाही."

"वायरीला कोणाचा हात?"

"नाही गं."

तिने हँडल फिरवलं. काटा टोकाकडे जायच्या ऐवजी शून्याकडे कलंडला आणि तिथेच पडून राहिला.

तिने मेगरचे चिमटे काढले, टोकं पुसली, पुन्हा लावली, पुन्हा हँडल फिरवलं. काटा पुन्हा शून्यावर.

"काय झालं?" दारातून बाईंनी विचारलं.

"लाइन गळतीय कुठेतरी. शोधते," ती म्हणाली. मग हळूच, कोणाला असं नाही, "सकाळी तर चांगलं दाखवत होतं. माझंच काहीतरी राहिलं असणार."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग मिस्त्रींकडे पाहिलं. एखाद्या मुलाचं गणित फळ्यावर चुकलं की बाई वर्गाकडे बघतात, तसं. "तुम्ही एकदा बघता का, मिस्त्री?" त्या म्हणाल्या.

"वायरींतलं मला काय कळतंय," मिस्त्री म्हणाले. "त्यातल्या त्याच."

सुनेने युनिटजवळच्या स्विचचा डबा उघडला. सकाळी तिने त्यात तारा अशा वळवून बसवल्या होत्या की मिस्त्रींनी डबा बंद करायच्या आधी मुद्दाम दोनदा डोकावून पाहिलं होतं. आता ती एकेक तार बाहेर ओढत होती, बोटांनी चाचपत होती, बाजूला करत होती. तिथे काही सापडलं नाही. मग भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचा डबा. मग बाहेरच्या युनिटचा. प्रत्येक डबा उघडताना ती पुटपुटत होती, "इथे असेल." आणि प्रत्येक वेळी मेगरचा काटा तसाच पडून राहत होता. थंडीतही तिच्या कपाळावर घाम दिसायला लागला.

मिस्त्री शिडी धरून उभे होते आणि मनातल्या मनात वायरीबरोबर चालत होते. बोर्डापासून निघाली, भिंतीतून वर गेली, छतात शिरली. मग बोळाच्या कडेने, डक्टपासून वीतभर लांब. मग तुळई. तुळईपाशी जागा कमी, म्हणून तिने तिथे वायरीचा पाइप रिपेच्या पलीकडच्या अंगाला क्लिपांनी बसवला होता. बसवताना मिस्त्रींना दाखवलंही होतं. "इथे जरा चिकटून जातेय, बाबा, पण मधे लाकूड आहे."

मधे लाकूड आहे. लाकूड बोटभर जाडीचं. आणि स्क्रू बोटभरापेक्षा लांब.

मिस्त्रींनी मान वर करून तुळईकडे पाहिलं.

त्यांनी स्वतःला समजवायचा प्रयत्न केला. इतकं नेमकं कसं लागेल. छतात काय एकच रीप आहे? पण समजूत काढणारा आणि काढून घेणारा एकच माणूस असला की समजूत फार वेळ टिकत नाही. पट्टीने डक्टला धरलंय, डक्ट अर्थिंगला जोडलाय. स्क्रू जर तारेपर्यंत पोचला असेल, तर काटा शून्यावर पडणार नाही तर काय होणार?

आणि नियम तर त्यांचाच होता. माप झालं की हात बंद. तपासणी झाल्यावर छतात कोणी बोटही लावायचं नाही, लावलं तर त्याच क्षणी ओरडून सांगायचं. हाताखाली आलेल्या प्रत्येक माणसाकडून त्यांनी हे वाक्य तीन-तीनदा म्हणवून घेतलं होतं. सुनेकडूनही घेतलं होतं. आज तेच वर चढले होते, कारण पट्टी लावणं म्हणजे पत्र्याचं काम आणि पत्र्याचं काम आपलं. आपल्या कामाला कसली परवानगी.

"साडेतीनला गाडी निघेल हॉस्पिटलातून," बाई म्हणाल्या. आवाज वाढला नव्हता, पण सुनेचे हात क्षणभर थांबले. "मी दुसऱ्या कोणाला फोन करू का? अनुभवी असं कोणी?"

"मला अर्धा तास द्या," सून म्हणाली. मान वर न करता.

मिस्त्रींनी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तोंडातून आलं ते भलतंच. "मी जरा वर बघून येतो," ते म्हणाले.

छताच्या पोकळीत त्यांनी बॅटरी लावली. पट्टी होती, स्क्रूचं डोकं चकाकत होतं. खात्री करून घेऊ, मग बोलू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. स्क्रू ड्रायव्हर लावला आणि स्क्रू सावकाश उलटा फिरवून बाहेर काढला. बॅटरीच्या उजेडात धरला. टोकाच्या आट्यांमध्ये तांब्याचा बारीकसा, लालसर कीस अडकला होता.

खालून सुनेने "वायरीला हात नाही ना?" असं विचारलं, ते "नाही" म्हणाले, आणि हँडल फिरल्याचा आवाज आला. मग सून म्हणाली, "बाबा."

"काय गं?"

"काटा वर गेला. पार टोकाला."

मिस्त्री गुडघ्यावर बसले होते तसेच बसून राहिले. स्क्रू मुठीत होता. त्या एका क्षणात त्यांना सगळं फार सोपं दिसलं. स्क्रू निघाला, काटा चढला, आता खिशात घातला की संपलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. चाळीस वर्षांत कोणी त्यांच्या कामात खोट काढली नव्हती, आणि आताही कोणी काढणार नव्हतं. पण छतात वायरीला भोक पडलेलं राहणार होतं. आज कोरडी आहे म्हणून काटा चांगला दाखवतोय. उद्या युनिट सुरू होईल, हादरे बसतील, कधी ओल धरेल. मग त्या भोकातून वीज बाहेर यायला वाट मोकळी. आणि खाली त्या कागदावर सही सुनेची.

"चला, सुटलो बाई," घरच्या बाई खाली म्हणत होत्या. "लावा मग. बघू गरम हवा येते का."

"नाही," सून म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"लावणार नाही एवढ्यात."

"अहो, पण आता तुम्हीच म्हणालात, बरोबर दाखवतंय."

"दाखवतंय. पण मी काही केलेलंच नाही ना." तिचा आवाज दमलेला होता, पण त्यात कुठे डळमळ नव्हती. "मी जे जे उघडलं त्यात दोष सापडला नाही. मग गेला कुठे? काही न करता जे बरं होतं ते बरं झालेलं नसतं. ते लपलेलं असतं."

"पण आई येतेय माझी. खोली गार आहे."

"म्हणूनच लावत नाही," सून म्हणाली. "त्यांना एक तास शेजारच्यांकडे बसवता येईल का बघा. मी ही पूर्ण लाइन छतातून उघडून बघणार आहे, बोर्डापासून युनिटपर्यंत. सापडेपर्यंत मी सही करणार नाही. तुम्हाला दुसरं कोणी बोलवायचं तर बोलवा, त्यांनाही मी हेच सांगेन."

मिस्त्री वरून ऐकत होते. तिच्या जागी दुसरा कोणीही असता, तर त्याने त्या टोकाला गेलेल्या काट्याचे आभार मानले असते. मिस्त्रींनी स्वतः तरी मानले नसते का? पंचविशीत मानले असते. कदाचित आज दुपारीही मानले असते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लाजेचं किती आणि अभिमानाचं किती याचा हिशोब त्यांना लागेना. अशी पोर आपल्या घरात आहे, एवढंच त्यांना वाटलं. रक्ताची नाही, तरी आपल्या कामाची आहे.

ते खाली उतरले. शिडीच्या शेवटच्या पायरीवरच त्यांनी मूठ उघडली.

"हा घे," ते म्हणाले. "तुळईजवळच्या रिपेतून काढला. मी मारलेला. सकाळच्या मापानंतर."

सुनेने स्क्रू घेतला, उजेडाकडे नेला, टोक बघितलं. मग सासऱ्यांकडे बघितलं.

"जोड वाजत होता तिसरा. म्हणून एक पट्टी वाढवली," मिस्त्री म्हणाले. "तुला सांगितलं नाही. काटा पडल्यावर कळलं, तेव्हाही नाही सांगितलं. आणि आता काढला, तोही न सांगता. म्हणून तुझा काटा वर गेला."

घरच्या बाईंनी एकदा मिस्त्रींकडे, एकदा सुनेकडे पाहिलं आणि त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सुनेने स्क्रू पुन्हा एकदा उजेडात फिरवून पाहिला. सहा वर्षांत तिने सासऱ्यांसमोर कधी आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही.

"वायर गेली त्याचं काही नाही, बाबा," ती म्हणाली. "वायर बदलता येते. पण एक तास मी माझं काम उचकटत बसले आणि तुम्ही शिडी धरून बघत होतात. त्याचंही मला काही नाही, ते आपलं आपण घरी बघू. पण स्क्रू काढलात आणि बोलला नाहीत, त्याला मी काय म्हणू? मी लावला असता स्विच, तर? काटा चांगला होता, सगळे खूश होते, मीही खूश होते. खाली म्हातारं माणूस झोपणार आहे."

"हो," मिस्त्री म्हणाले.

"पट्टी मारायची गरज होती, बरोबर. तुमचा कान चुकत नाही. पण छत तुमचं एकट्याचं नाही. पत्रा तुमचा आहे, आणि त्याच्यामागे माझी वायर आहे. पुन्हा असं झालं तर मी तुमच्याबरोबर काम नाही करणार."

"हो."

"नुसतं हो नको. काय करणार ते सांगा."

मिस्त्रींनी घसा साफ केला. "माप झालं की हात बंद," ते म्हणाले. "लावायचाच झाला तर आधी तुला सांगीन. मग लावीन."

"अजून एकदा."

"आधी सांगीन, मग लावीन."

तिसऱ्यांदाही तिने म्हणवून घेतलं. मग स्क्रू टूलबॉक्सच्या झाकणावर ठेवला आणि म्हणाली, "चला. बोर्डापासून युनिटपर्यंत सलग नवी वायर ओढू. छतात जोड नको मला."

मग त्या घरात जवळजवळ तासभर कोणी जास्तीचं बोललं नाही. जुनी वायर काढताना तिच्याच टोकाला नवी बांधली, म्हणजे एक बाहेर येईल तशी दुसरी आत जाईल. मिस्त्री वरून ओढत होते, सून खालून सोडत होती. "द्या." "घे." "थांबा." "आलं." वायरीला कुठे पीळ पडला नाही, कुठे ताण आला नाही. तुळईपाशी तिने पाइपच रिपेपासून हलवला आणि दोन बोटं मोकळी ठेवून नव्या क्लिपा बसवल्या. मिस्त्रींनी विचारलं, "आता पट्टी लावू का?" ती म्हणाली, "लावा." त्यांनी खाली उतरून डब्यातला आखूड स्क्रू घेतला, आधी तिला दाखवला आणि मग वर गेले. जुन्या वायरीवर तुळईच्या जागी प्लास्टिक फाटून तांबं उघडं पडलं होतं. तिने तो तुकडा कापून बाईंना दाखवला. बाईंनी तो हातात घेतला, निरखून पाहिला आणि परत दिला. फोन करायचं त्या पुन्हा बोलल्या नाहीत.

"वर कोणी नाही ना?"

"कोणी नाही."

"वायरीला कोणाचा हात?"

"नाही. पट्टीलाही नाही," मिस्त्री म्हणाले.

काटा टोकाला गेला आणि तिथेच राहिला. तिने तारांच्या तीन वेगवेगळ्या जोड्यांवर माप घेतलं, तिन्ही आकडे कागदावर लिहिले. तारा जोडल्या, डबे बंद केले, मग गळ्यातली किल्ली काढून कुलूप उघडलं आणि स्विच वर केला. युनिट आधी कण्हलं, मग एकसारखं घुमायला लागलं. आजींच्या खोलीत जाळीतून पहिली हवा आली ती गारच होती. मग कोमट झाली. मिस्त्री तिसऱ्या जोडाखाली मान वर करून उभे होते. जोड गप्प होता.

तिने कागदाच्या तळाशी सही केली.

"सही जरा मोठी करायची," मिस्त्री तिच्या खांद्यावरून बघत म्हणाले.

"जागा तेवढीच आहे, बाबा."

शेजारच्या घरातून आजींना धरून आणलं तेव्हा पावणेपाच झाले होते. त्या पलंगावर टेकल्या, शाल खांद्यावरून खाली घेतली आणि "बरं वाटलं" एवढंच म्हणाल्या. सून सामान गाडीत ठेवायला बाहेर गेली. मिस्त्री बोळात अंथरलेलं जुनं कापड गोळा करत होते. पत्र्याचा कीस कुठे सांडू नये म्हणून ते चारी टोकं आत दुमडून सावकाश घडी घालत होते.

घरच्या बाई त्यांच्याजवळ आल्या. दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"मिस्त्री, मला जरा अवघडल्यासारखं झालं मघाशी. सून असून त्या फारच बोलल्या तुम्हाला, आणि तेही माझ्यासमोर. तुम्हाला वाईट वाटलं असेल."

मिस्त्रींनी घडी अर्धवट सोडली.

"तुम्ही ऐकलंत?" त्यांनी विचारलं.

"हो. म्हणजे, मी तिथेच होते."

"पहिल्यापासून? काटा वर गेला आणि ती नाही म्हणाली, तिथपासून?"

"सगळंच ऐकलं की."

"आणि माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, तेही?"

"तेही," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि घरचा नंबर शोधायला लागले.

"मी सांगितलं तर आमच्या मंडळींचा विश्वास बसायचा नाही," ते म्हणाले. "त्यांना वाटतं मी सुनेचं वाढवून सांगतो. तुम्हीच सांगा जरा. पहिल्यापासून सांगा, काही गाळू नका."